हार्लेमला फ्रान्स हाल्स पाहायला जावे का, आणि गेल्यास तो कसा पाहावा?

पाऊलवाट यांचा प्रश्न

नमस्कार. पुढच्या महिन्यात कामानिमित्त ॲम्स्टरडॅमला जाणे होत आहे आणि काम आटोपल्यावर चार दिवस हाताशी उरणार आहेत. राइक्सम्युझियमसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवला आहे, व्हॅन गॉग संग्रहालयाचे तिकीट काढून झाले आहे आणि एक दिवस हेगला जाऊन माउरित्सहाउस संग्रहालयातील फेर्मीरची चित्रे पाहण्याचेही ठरले आहे. उरलेल्या वेळात हार्लेम गाठून सतराव्या शतकातला डच चित्रकार फ्रान्स हाल्स याच्या नावाचे तिथले संग्रहालय पाहावे, असे एका स्नेह्यांनी सुचवले. बाकी काही राहिले तरी चालेल, पण हे चुकवू नका, असे त्यांनी दोनदा बजावले.

माझी अडचण अशी, की हाल्सची चित्रे मी पुस्तकांत आणि पडद्यावर अनेकदा पाहिली आहेत आणि खरे सांगायचे तर ती मला कधी भिडली नाहीत. रेम्ब्रांटच्या चित्रातला अंधार छापील पानावरही आपल्याला आत ओढून घेतो, आणि फेर्मीरच्या खिडकीतून येणारा उजेड लहानशा पोस्टकार्डावरसुद्धा टिकून राहतो. हाल्सच्या समूहचित्रांत मात्र काळे कपडे आणि पांढऱ्या कॉलरी घातलेले, खाऊनपिऊन सुखी दिसणारे पुरुष ओळीने बसवलेले दिसतात, आणि दोन चित्रे पाहून झाल्यावर तिसऱ्यात नवे काय आहे ते कळेनासे होते. एखाद्या संस्थेच्या वार्षिक अहवालातले संचालक मंडळाचे छायाचित्र पाहावे, तसे काहीसे वाटते.

प्रत्यक्ष पाहिल्यावर हे मत बदलते का, असे विचारायचे आहे. बदलत असेल, तर कोणत्या चित्रापासून सुरुवात करावी आणि नेमके कशाकडे पाहावे, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील. आणखी एक शंका आहे. म्हातारपणी हाल्स ज्या वृद्धाश्रमात जाऊन राहिला, त्याच्याच कारभाऱ्यांचे चित्र त्याने काढले आणि त्यांनी दिलेल्या वागणुकीचा सूड कुंचल्याने उगवला, अशी हकीकत मी वाचली होती. ती खरी आहे का?


टिपकागद यांचे उत्तर

आपली अडचण मला चांगलीच ओळखीची आहे, कारण मीही तीच घेऊन हार्लेमला गेलो होतो. सोबतच्या मित्राचा आग्रह मोडवेना म्हणून गेलो आणि अर्ध्या तासात बाहेर पडायचे, असे त्याला आधीच सांगून ठेवले होते. प्रत्यक्षात मधे एकदा कॉफी पिऊन आम्ही पुन्हा आत गेलो.

छापील चित्राला एकच अंतर असते. पान हातभर लांब धरायचे आणि पाहायचे. जवळ नेले तर छपाईचे ठिपके दिसू लागतात, लांब नेले तर माणसे मुंगीएवढी होतात. हाल्सची मोठी चित्रे मात्र दोन अंतरांवरून पाहायची आहेत, आणि त्यांतली सारी गंमत या दोन अंतरांच्या मधल्या चार-पाच पावलांत आहे. आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो: त्याचे १६३९ सालचे समूहचित्र चार मीटरांहून अधिक रुंद आणि दोन मीटरांहून अधिक उंच आहे, आणि माझ्या पुस्तकात ते तळहाताएवढे होते. इतक्या लहान आकारात सगळे फटकारे आपोआप एकमेकांत मिसळतात आणि एक गुळगुळीत, सभ्य, काहीसे कंटाळवाणे चित्र उरते. म्हणजे जे काम प्रेक्षकाच्या डोळ्याने करायचे, ते छपाईने आधीच उरकून टाकलेले असते.

मला हे कळले, ते एका अधिकाऱ्याच्या छातीवरून गेलेल्या रेशमी शेल्यापाशी. सात-आठ पावलांवरून तो शेला इतका खरा वाटत होता, की त्याला गाठ कशी मारली असेल, याचा मी विचार करू लागलो. जवळ गेलो, तर शेला नाहीसा झाला. तिथे तिरपे, सुटे, एकमेकांना न भेटणारे फटकारे होते. काहींच्या टोकाला कुंचल्याच्या केसांच्या रेघा तशाच राहिलेल्या, काही जागी खालचा रंग उघडा पडलेला, आणि सर्वांत झळाळत्या जागी पांढऱ्या रंगाचा एकच जाड ओघळ, जो चुकून पुसायचा राहिला असावा, असे वाटावे. पुन्हा मागे सरकलो, आणि कितव्या पावलाला ते फटकारे रेशीम होतात, ते पाहू लागलो. ते पाऊल मला नक्की सापडले नाही, पण त्या येरझाऱ्यांत एका चित्रापुढे वीस मिनिटे गेली.

क्रमाविषयी माझे मत ठाम आहे: सालवार पाहावीत. नगररक्षक दलांची, म्हणजे शहराच्या रक्षणासाठी नागरिकांच्याच तुकड्यांची, पाच समूहचित्रे तिथे आहेत, एक १६१६ चे, दोन १६२७ च्या सुमारास काढलेली, एक १६३३ चे आणि एक १६३९ चे. त्यानंतर १६४१ चे सेंट एलिझाबेथ रुग्णालयाच्या विश्वस्तांचे चित्र, आणि शेवटी १६६४ च्या सुमाराची दोन चित्रे, वृद्धाश्रमाचे पुरुष विश्वस्त आणि त्याच्या स्त्री विश्वस्त. पहिले चित्र काढताना हाल्स तिशीत होता आणि शेवटची दोन काढताना ऐंशीच्या पुढे. एकाच गावातली माणसे, जवळपास एकाच प्रकारची मागणी, आणि मधे अठ्ठेचाळीस वर्षे. पहिल्या चित्रात टेबलावरच्या पांढऱ्या कापडाची विणीतली नक्षीसुद्धा त्याने जपून काढली आहे. शेवटच्या चित्रांत एक अख्खा हात पाच-सहा फटकाऱ्यांत उरकला आहे, आणि तरीही तो हात थकलेला आहे, हे आपल्याला समजते. एका माणसाचा हात म्हातारा होत जाताना कशाकशाला निरोप देतो, हे एवढ्या सलगपणे पाहण्याची सोय मला तरी दुसरीकडे कुठे मिळालेली नाही.

हाल्सकडे वळण्याआधी त्याच संग्रहालयातले कॉर्नेलिस कॉर्नेलिस्झ याचे १५८३ सालचे नगररक्षकांच्या मेजवानीचे चित्र जरूर पाहावे. तेही उत्तम आहे, पण त्यात माणसे इतक्या दाटीने कोंबली आहेत, की कुणाचा हात कुणाचा, ते शोधावे लागते. ते डोळ्यांत ठेवून १६१६ च्या चित्रापुढे उभे राहिल्यावर हाल्सने माणसांमध्ये हवा कशी खेळवली, हे वेगळे सांगावे लागत नाही. आपण संचालक मंडळाच्या छायाचित्राची जी उपमा दिली आहे, ती हाल्सच्या आधीच्या समूहचित्रांना अधिक चपखल बसेल.


निळाई यांचे उत्तर

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगते. ॲम्स्टरडॅमच्या मध्यवर्ती स्थानकावरून हार्लेमला जाणाऱ्या गाड्या तासाला अनेक आहेत आणि प्रवास वीस मिनिटांच्या आतबाहेरचा आहे. स्थानकापासून संग्रहालय चालत वीसेक मिनिटांवर आहे आणि वाट गावाच्या मुख्य चौकातून जाते, त्यामुळे वेगळी गाडी करण्याची गरज नाही. सोमवारी संग्रहालय बंद असते, तेव्हा चार दिवसांची आखणी करताना तेवढे सांभाळावे. शिवाय मोठी चित्रे कधी दुरुस्तीसाठी, तर कधी दुसऱ्या शहरातल्या प्रदर्शनासाठी जागेवरून हललेली असतात, म्हणून निघण्यापूर्वी संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्यावी.

चौकातल्या सेंट बाव्हो या मोठ्या चर्चमध्ये हाल्सचे थडगे आहे. १६६६ च्या ऑगस्टमध्ये तो वारला आणि तिथे पुरला गेला. त्याच चर्चमध्ये १७३८ साली पूर्ण झालेला प्रचंड ऑर्गन आहे, जो दहा वर्षांच्या मोझार्टने १७६६ मध्ये वाजवला होता. हे विषयाला थोडे सोडून झाले, पण वाटेतच आहे, म्हणून लिहिले.


कोरा कॅनव्हास यांचे उत्तर

मी तैलरंगात थोडेफार काम करते, म्हणून टिपकागद यांच्या उत्तराला रंगाच्या बाजूने पुरवणी जोडते.

आपण लिहिले आहे की सगळे काळे कपडे पाहून कंटाळा येतो. माझा आग्रह असा, की त्या काळ्यापासूनच सुरुवात करावी. व्हॅन गॉगने १८८५ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात हाल्सकडे सत्तावीस काळे आहेत, असे म्हटले आहे. आकडा अर्थातच कौतुकाच्या भरात आलेला आहे, पण मुद्दा शंभर टक्के खरा आहे. लोकरीचा काळा उजेड पिऊन टाकतो आणि राखाडीकडे झुकतो. साटिनचा काळा घडीघडीला चमकतो आणि त्या चमकेत निळसर किंवा हिरवट झाक असते. मखमलीचा काळा कडेला उजळतो आणि मधे खोल जातो. त्यावर काळ्याच धाग्याने भरतकाम केलेले असेल, तर काळ्यावर काळे काढायचे असते, आणि हे जमवणारे चित्रकार फार थोडे आहेत. काळा ट्यूबमधून काढून तसाच लावला, की चित्रात भोक पडते, हे रंगवणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या वर्षात अनुभवलेले असते. हाल्सच्या चित्रात काळ्याचा एवढा विस्तार आहे आणि भोक कुठेही नाही.

यात एक योगायोग आहे, ज्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. हाल्सचे वडील कापडाच्या धंद्यातले कारागीर होते. १५८५ मध्ये अँटवर्प स्पॅनिश सैन्याच्या हाती पडले, त्यानंतर हजारो कुटुंबे उत्तरेकडे आली, त्यांतलेच हे एक. हार्लेम हे लिननचे कापड विणण्यासाठी आणि ते शुभ्र करण्यासाठी नावाजलेले गाव होते. खोल, न विटणारा काळा रंग कापडावर चढवणे त्या काळी खर्चिक काम होते, म्हणून काळा पोशाख ही साधेपणाची खूण जितकी होती तितकीच ऐपतीचीही. ज्याच्या घरात कापड बोटांनी चाचपून पाहिले जात होते, त्या मुलाने पुढे काळ्या लोकरीत आणि काळ्या रेशमात एवढा फरक पाहिला, यात मला तरी नवल वाटत नाही.

दुसरी गोष्ट कामाच्या पद्धतीची. हाल्स बराचसा भाग ओल्या रंगावर ओला रंग लावून करतो. खालचा थर सुकण्याआधी वरचा फटकारा ओढायचा, म्हणजे दोन्ही रंग कडेला किंचित मिसळतात आणि कड जिवंत राहते. यात चूक झाली तर झाकता येत नाही, खरवडून पुन्हा करावे लागते. त्याच्या हातचे म्हणून निश्चित सांगता येईल, असे एकही रेखाचित्र आज उपलब्ध नाही. पण म्हणून तो बेफिकीरपणे एका बैठकीत चित्र संपवत असे, ही समजूत चुकीची आहे. शेवटचे फटकारे वेगाने ओढलेले आहेत. ते कुठे ओढायचे, हे ठरवायला मात्र वेळ लागलेला आहे. दंडाच्या घडीवर पडलेली उजेडाची रेघ अर्धा बोट खाली सरकली असती, तर दंड मोडल्यासारखा दिसला असता. कधी एखाद्या चित्रापुढे उभे राहून अशी एक रेघ मनातल्या मनात सरकवून पाहावी.

याचा पुरावा आपल्याला ॲम्स्टरडॅममध्येच, राइक्सम्युझियमच्या भेटीत पाहायला मिळेल, आणि माझी खास शिफारस अशी, की हार्लेमला जाण्याआधी तो पाहून घ्यावा. तिथे नगररक्षकांचे एक मोठे समूहचित्र आहे, ज्यातली माणसे अंगाने सडसडीत दिसतात म्हणून त्याला पुढे ‘किडकिडीत तुकडी’ असे नाव पडले. हे काम हाल्सने १६३३ मध्ये घेतले. ठरल्याप्रमाणे चेहरे ॲम्स्टरडॅममध्ये सुरू करून तो ते हार्लेमला पूर्ण करणार होता. पुढे ये-जा करणे त्याला परवडेना, बैठकीला मंडळी वेळेवर जमेनात, आणि दोन्ही बाजूंनी कायदेशीर नोटिसा गेल्या. माणशी साठ गिल्डरचा (गिल्डर हे तेव्हाचे डच चलन) दर सहासष्ट करूनही तिढा सुटला नाही. मला हार्लेमला येऊन भेटा, असे तो म्हणत राहिला, आणि ते आले नाहीत. शेवटी पीटर कॉड या दुसऱ्या चित्रकाराने १६३७ मध्ये ते चित्र पुरे केले. डावीकडच्या कोपऱ्यात मोतिया करड्या पोशाखातला जो निशाणधारी उभा आहे, तो हाल्सचा, आणि व्हॅन गॉग ज्याच्यापुढे खिळून राहिला, तोही हाच. उजवीकडचा भाग कॉडचा आहे. कॉड काही कच्चा चित्रकार नव्हता. त्याने हाल्सचा हात प्रामाणिकपणे गिरवण्याचा प्रयत्न केला आहे. पण डावीकडून उजवीकडे सावकाश चालत जावे, म्हणजे कुठल्या तरी एका माणसापाशी कापड कापडासारखे राहते आणि त्यातला उजेड मात्र हलायचा थांबतो. तो सांधा पाटी न वाचता शोधावा. एकदा तो सापडला, की हार्लेममध्ये कशाकडे पाहावे, हा प्रश्नच उरत नाही.


जुनी वही यांचे उत्तर

वरील उत्तरे चांगली आहेत, तरी थोडा विरोधी सूर लावतो. सगळ्याच मोठ्या चित्रांपुढे सारखाच आनंद होईल, अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये. १६३९ चे चित्र आकाराने सर्वांत मोठे असले, तरी त्यात माणसे दोन ओळींत उभी केलेली आहेत आणि ओळीतला ताठरपणा हाल्सलाही लपवता आलेला नाही. मागच्या ओळीत डावीकडून दुसरा माणूस म्हणजे खुद्द हाल्स असल्याचे मानले जाते, एवढे एक आकर्षण त्यात आहे. याउलट १६२७ चे सेंट जॉर्ज दलाच्या मेजवानीचे चित्र पाहावे. त्यात मधोमध बसलेल्या कॅप्टनने रिकामा पेला उपडा करून धरला आहे, आता ओता, असे म्हणावे तसा. या एका हालचालीने सगळे टेबल जागे होते.

आपल्या वार्षिक अहवालाच्या उपमेविषयीही थोडे बोलतो, कारण ती आपल्याला वाटते तितकी अन्यायाची नाही. हे अधिकारी तीन वर्षांच्या मुदतीसाठी नेमले जात, मुदत संपली की निरोपाची मेजवानी होई, आणि त्या निमित्ताने काढलेले चित्र दलाच्या सभागृहात लागे. जो तो आपापल्या डोक्याचे पैसे मोजत असे. कर्नल कुठे बसणार, कॅप्टन कुठे, हे हुद्द्याने ठरत असे. निशाणधारी उभे असतात आणि ते अविवाहित तरुण असावेत, असा दंडक होता. म्हणजे चित्रकाराच्या हाती मांडणीचे स्वातंत्र्य फारसे नव्हते, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आपला चेहरा पूर्ण, उजेडात आणि ओळखू येईल असा हवा होता. एवढ्या अटी पाळून हाल्सने माणसांना मधेच वळायला, शेजाऱ्याशी बोलायला, कुणाची तरी वाट पाहायला लावले. तो स्वतः १६१२ पासून सेंट जॉर्ज दलात साधा रक्षक होता, तेव्हा ही मंडळी त्याने जवळून पाहिलेली होती. त्यांच्या मेजवान्या इतक्या लांबत, की १६२१ मध्ये शहराला त्या तीन, फार तर चार दिवसांत संपवण्याचा नियम करावा लागला. या माणसांच्या गालांवरची लाली केवळ रंगाची नव्हे, एवढे त्यावरून समजावे.

आता वृद्धाश्रमाच्या हकीकतीविषयी. ती खरी नाही. हाल्स त्या वृद्धाश्रमात कधीही राहिला नाही. गरिबी मात्र खरी होती. १६५४ मध्ये एका पाववाल्याची उधारी फेडता न आल्याने त्याच्या घरातल्या गाद्या, कपाट, टेबल आणि पाच चित्रे त्या पाववाल्याच्या नावे लिहून द्यावी लागली. घरातली मालमत्ता तेवढीच असावी, असे त्या यादीवरून वाटते. १६६२ मध्ये त्याने शहराकडे मदत मागितली, आणि १६६४ मध्ये शहराने त्याला वर्षाला दोनशे गिल्डर तहहयात देण्याचे ठरवले. घर उबदार ठेवण्यासाठी सरपण म्हणून पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, तीन गाड्याही दिल्या. त्याच सुमारास वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांची दोन चित्रे झाली. साल एकच आणि विषय दानधर्माचा, त्यामुळे पुढच्या लोकांनी दोन्ही गोष्टी एकत्र करून सूडाची कथा रचली.

त्यातल्या एका विश्वस्ताची टोपी कलती आहे आणि नजर कुठेच ठरत नाही, म्हणून हाल्सने त्याला दारू प्यालेला दाखवला, असेही सर्रास सांगितले जाते. टोपी अशी कलती घालण्याची त्या काळी पद्धत होती, आणि चेहऱ्याचे स्नायू लुळे पडले असण्याची शक्यताही मांडली गेली आहे. माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा मुद्दा साधा आहे: विश्वस्तांनी चित्र ताब्यात घेतले आणि आपल्याच वास्तूत लावले. ज्यांच्याविषयी सूडाची भाषा केली जाते, त्यांना चित्रात अपमान दिसला नव्हता.

ही वास्तू म्हणजेच आजचे संग्रहालय आहे, हे टिपकागद यांच्याकडून राहिले. वृद्धाश्रम १६०९ मध्ये बांधला गेला, १८१० पासून तिथे अनाथालय होते, आणि १९१३ मध्ये शहराने आपला संग्रह नगरभवनातून तिथे हलवला. त्यामुळे ती दोन चित्रे ज्या घरासाठी काढली, त्याच घरात आज आहेत. १६४१ च्या चित्रातल्या विश्वस्तांचे सेंट एलिझाबेथ रुग्णालयही समोरच, रस्ता ओलांडला की होते.


पाऊलवाट यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. जुनी वही यांना एक विचारते. सूडाची कथा खोटी आहे, हे पटले. पण त्या दोन चित्रांची छायाचित्रे पुन्हा पाहिली तेव्हा जाणवले, की त्यांतल्या स्त्रिया खरोखरच कठोर दिसतात. कथा नसती, तरी मला तसेच वाटले असते का?


जुनी वही यांचे उत्तर

कठोर हा शब्द आपण कथा वाचल्यानंतर वापरत आहात, एवढेच मी म्हणेन. त्या वयस्क आहेत, हिशेब पाहणाऱ्या आहेत, आणि बराच वेळ न हलता बसल्या आहेत. एकीच्या पंजाची बोटे किती थोड्या रंगात काढली आहेत, ते तिथे पाहावे, आणि मग कठोर म्हणायचे की दुसरे काही, ते ठरवावे. छायाचित्रात त्यांच्या मागच्या भिंतीवरचे काळपट निसर्गचित्र नीट दिसत नाही. प्रत्यक्षात ते दिसते, आणि खोली एकदम खोल होते.


पाऊलवाट यांचा प्रतिसाद (पाच आठवड्यांनंतर)

जाऊन आले, आणि इथे कबुली देणे भाग आहे.

कोरा कॅनव्हास यांच्या सांगण्याप्रमाणे आधी राइक्सम्युझियममध्ये सांधा शोधला. पहिल्या फेरीत सापडला नाही. दुसऱ्या फेरीत मी चेहरे पाहायचे सोडून केवळ हातमोजे आणि बाह्या पाहत गेले, तेव्हा मध्यापलीकडे एका माणसापाशी पाय अडखळला. पाटी वाचल्यावर कळले, की माझा अंदाज थोडा चुकला होता, पण दिशा बरोबर होती. त्या निशाणधाऱ्याच्या करड्या पोशाखाजवळ गेले, तर त्यात करडा असा रंगच नव्हता. पिवळट, निळसर, गुलाबी छटांचे तुकडे होते, आणि मागे आले की ते पुन्हा मोतिया होत होते.

हार्लेमला बुधवारी सकाळी पोचले. टिपकागद यांचा सालवार पाहण्याचा सल्ला पाळला आणि १६१६ च्या चित्रावर फार वेळ घालवला, त्यामुळे पुढे घाई झाली. मागाहून जाणाऱ्यांनी तेवढे लक्षात ठेवावे. १६३९ च्या चित्राबद्दल जुनी वही यांच्याशी मी सहमत आहे. मागच्या ओळीतला हाल्स मात्र मला आवडला. बाकीचे सगळे आपापल्या हुद्द्यात उभे आहेत आणि तो पाहुण्यासारखा मागे.

शेवटी वृद्धाश्रमाच्या स्त्री विश्वस्तांपुढे जाऊन बसले. कठोर हा शब्द मी मागे घेते. उजवीकडे उभी असलेली बाई काहीतरी निरोप घेऊन आत आली आहे आणि बसलेल्या स्त्रिया तिचे बोलणे संपण्याची वाट पाहत आहेत, असे मला वाटत राहिले. टेबलाशी बसलेल्या एकीचा पंजा जवळून पाहिला. तिथे बोटे नाहीतच, मातकट आणि फिक्या रंगाचे चार पट्टे आहेत. चार पावले मागे आले, तेव्हा त्या बोटांचे सांधे दुखत असावेत, असे वाटले.

मग त्या चित्रातले काळे मोजायला घेतले. खांद्यावरचा एक, बाहीचा दुसरा, मांडीवरच्या घड्यांत दोन वेगळे, खुर्चीच्या सावलीतला एक, मागच्या भिंतीचा तपकिरीकडे झुकणारा आणखी एक. नऊपर्यंत पोचले होते, तेवढ्यात संग्रहालय बंद होत असल्याची सूचना झाली.